वाचनमंडळासाठी अनेक निवेदकांची कौटुंबिक कादंबरी निवडताना

आमच्या वाचनमंडळात नऊ सभासद आहेत. दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी बैठक आणि वर्षाला सहा पुस्तके असा शिरस्ता आहे. एकट्याने वाचताना मनात घर करून राहणारे पुस्तक चर्चेला घेतले की पुष्कळदा दहा मिनिटांत संपते, हे आम्हाला फार लवकर कळले. पुस्तक सगळ्यांना आवडलेले असते, सगळे जवळपास तेच बोलतात आणि मग यजमान चहा टाकायला उठतात. घरातल्या दोन-चार माणसांनी आळीपाळीने ‘मी’ म्हणून सांगितलेली कादंबरी घेतली, तर मात्र असे सहसा होत नाही, कारण मतभेद पुस्तकातच पेरलेला असतो आणि वाचकांना तो बाहेरून आणावा लागत नाही. तरीही मलपृष्ठावर ‘तीन पिढ्यांच्या तोंडून उलगडणारी कहाणी’ असे काही छापलेले पाहून पुस्तक उचलले, तर फसगत होते. ज्या कादंबरीतल्या निवेदकांचे एकाच घराबद्दल खरोखर पटत नाही आणि लेखकही त्यांच्यातला निवाडा करून मोकळा होत नाही, तीच कादंबरी मंडळासाठी घ्यावी, असे माझे मत आहे. पुढे सांगितलेल्या सगळ्या खटपटी एवढे एकच तपासून पाहण्यासाठी आहेत.

आधी एक घोळ निस्तरला पाहिजे. पात्रे पुष्कळ असली म्हणजे निवेदक पुष्कळ असतात असे नाही. वाडा, चार चुलत्यांचा संसार, वाटणी, कोर्टकचेऱ्या आणि पडका चौक असे सगळे असलेली कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत तृतीयपुरुषी निवेदनात असू शकते, आणि बहुधा तशीच असते. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये माहेर आणि सासर अशी दोन भरलेली घरे आहेत, पण बोलते ती एकटी यमू. त्यामुळे वाचक यमूच्या शेजारी बसतो आणि तिच्यावर काय गुदरले याविषयी हळहळतो. ती चर्चा मोलाची असते, परंतु तिची जात वेगळी आहे. याउलट वि. स. खांडेकरांच्या १९५९ सालच्या ‘ययाति’मध्ये ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघे आपापली बाजू स्वतः मांडतात. शिवाजी सावंतांच्या १९६७ सालच्या ‘मृत्युंजय’ची नऊ निवेदने आहेत. त्यांपैकी चार कर्णाची आणि कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली व श्रीकृष्ण यांचे प्रत्येकी एक. सचिन कुंडलकर यांच्या २००६ सालच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण, असे दोनच निवेदक आहेत. ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ यांना आपण पौराणिक म्हणून वेगळ्या फळीवर ठेवतो, परंतु नवरा, बायको आणि त्यांच्यामधली तिसरी किंवा टाकलेला मुलगा, त्याची आई, पाठचा भाऊ आणि बायको हा ऐवज कौटुंबिक कादंबरीचाच आहे.

निवेदक किती असावेत, याला नियम नाही. आमच्या अनुभवात दोन ते सहा निवेदक एका बैठकीत नीट पेलतात. अमेरिकेतल्या विल्यम फॉकनर यांच्या ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ या १९३० सालच्या कादंबरीत पंधरा निवेदक आणि एकोणसाठ प्रकरणे आहेत. मिसिसिपीतले एक गरीब शेतकरी कुटुंब आईचे शव तिच्या इच्छेप्रमाणे दूरच्या गावी पुरायला गाडीतून घेऊन निघते, आणि त्या प्रवासाविषयी घरातले लोक बोलतात तसे वाटेत भेटणारे, मदत करणारे आणि नावे ठेवणारे लोकही बोलतात. एका लहान मुलाचे एक अख्खे प्रकरण एकाच वाक्याचे आहे. पुस्तक थोर आहे, पण नव्या मंडळाने त्यापासून सुरुवात केली तर पहिला तास कोण कुणाचा कोण, हे जुळवण्यातच जाईल. या जातीच्या दोन-तीन कादंबऱ्या पचल्यानंतर ते जरूर घ्यावे.

नाव झाकून वाचणे

पुस्तक विकत घेण्याआधी किंवा ग्रंथालयातून आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. प्रत्येक निवेदकाच्या निवेदनातले, सुरुवातीचे नव्हे तर मधले एक पान उघडावे, वरचे नाव कागदाने झाकावे आणि दुसऱ्या कुणाकडून अर्धे पान मोठ्याने वाचून घ्यावे. कोण बोलते आहे हे ऐकणाऱ्याला ओळखता आले पाहिजे. ओळखता आले नाही, तर लेखकाने एकाच आवाजाला निरनिराळी नावे दिली आहेत असे समजावे, मग कथानक कितीही गुंतागुंतीचे असो.

मराठीत या प्रयोगात एक गंमत आहे आणि एक फसवणूकही. आपल्या क्रियापदातच बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. ‘मी दार उघडले’ या वाक्यात कळणार नाही, पण ‘मी दाराशी गेले’ म्हटले की बाई बोलते आहे हे पहिल्याच ओळीत समजते. (कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सर्रास म्हणतात, तेव्हा तिकडची निवेदिका असेल तर हा आडाखाही चुकेल.) म्हणून तनय आणि अनुजा यांच्यातला फरक ओळखला एवढ्याने पुस्तक कसोटीला उतरले असे मानू नये, कारण तो फरक कदाचित फक्त व्याकरणाने दाखवलेला असेल. खरी परीक्षा एकाच लिंगाच्या दोन निवेदकांची. देवयानीचे आणि शर्मिष्ठेचे एकेक पान झाकून वाचावे. दोघीही राजवाड्यात वावरलेल्या, दोघींचे वय सारखे आणि दोघींचा पुरुषही एकच. तिथे आवाज निराळा लागला, तर तो लेखकाने कमावलेला आहे. ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये व्याकरणापलीकडचा फरकही आहे. तनय आपले सगळे निवेदन निघून गेलेल्या प्रिय माणसाला ‘तू’ म्हणून सांगतो आणि आठवणी येतील तशा मागेपुढे फिरतो. अनुजाचे लेखन रोजनिशीच्या वळणाचे आहे आणि त्यात तोच माणूस ‘तो’ आहे.

दुसरी खूण सर्वनामांची. मराठीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, आणि घराविषयी बोलणारा माणूस त्यांपैकी कोणता वापरतो यावरून तो उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर, ते कळते. सून आधी ‘तुमच्याकडे’ म्हणते, मग ‘आमच्याकडे’ आणि वीस वर्षांनी कधीतरी ‘आपल्याकडे’. चांगला लेखक हे वळण कुठेतरी अलगद टिपतो. अनुवादित कादंबरी घेताना तर हे मुद्दाम पाहावे. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द आहे, त्यामुळे कुठे ‘आपण’ घालायचे आणि कुठे ‘आम्ही’, हा निर्णय सर्वस्वी अनुवादकाचा असतो. सगळ्या निवेदकांच्या तोंडी सरसकट ‘आम्ही’ आलेले दिसले, तर अनुवादकाने माणसे ओळखून घेतलेली नाहीत असे मी समजतो आणि मूळ इंग्रजी वाचणे मंडळाला झेपेल का ते पाहतो.

तिसरी खूण हाकेची. मोठ्या घरात एकाच बाईला थोरला मुलगा ‘वहिनी’ म्हणतो, कारण लहानपणी काकांकडून तोच शब्द त्याने ऐकलेला असतो. धाकटा तिला ‘आई’ म्हणतो, सून ‘सासूबाई’ आणि पुतणी ‘मोठी काकू’. बहुनिवेदकी कादंबरीत याने वाचकाची त्रेधा उडते, आणि तशी ती उडालीच पाहिजे. निवड करणाऱ्याने वंशावळ काढताना प्रत्येक नावापुढे कोणता निवेदक त्या व्यक्तीला काय म्हणतो, ते लिहून ठेवावे. आम्ही हा कागद पुस्तकासोबतच सगळ्यांना देतो. मात्र मृत्यू, पळून जाणे आणि लग्ने यांतले जे पुढे कळायचे आहे, ते त्यावर लिहीत नाही. एकदा एका उत्साही सभासदाने वंशावळीत मृत्यूची सालेही टाकली होती. त्या महिन्याची कादंबरी तिथेच अर्धी संपली.

एकच प्रसंग दोन तोंडांतून

सर्वांत अधिक वेळ इथे द्यावा. कादंबरीतला असा एक प्रसंग शोधावा की ज्यात किमान दोन निवेदक हजर आहेत किंवा ज्याची झळ दोघांना लागली आहे. तो दोघांच्याही निवेदनातून पाठोपाठ वाचावा. दोन्हीकडे तेच घडते, तीच वाक्ये बोलली जातात आणि दुसरा निवेदक फक्त ‘तेव्हा मला काय वाटले’ एवढेच जोडतो, असे दिसले तर पुस्तक परत करावे. दोघांच्या सांगण्यात तपशील वेगळे असतील, एकाला जे मुख्य वाटले त्याचा दुसऱ्याने उल्लेखच केला नसेल, एकाने ज्याला थट्टा म्हटले त्याला दुसरा अपमान म्हणत असेल, तर मंडळाला दोन तास पुरेल एवढा ऐवज हाती आला.

‘ययाति’साठी असा प्रसंग शोधायला लांब जावे लागत नाही. वस्त्रांच्या अदलाबदलीवरून दोन मैत्रिणींचे भांडण, देवयानीचे विहिरीत पडणे, राजाने तिचा हात धरून तिला वर काढणे आणि शर्मिष्ठेने राजकन्येपदावरून दासीपदावर येणे, या महाभारतातल्या सांध्यावर अख्खी कादंबरी लटकलेली आहे. तिघांपैकी प्रत्येकजण या सांध्याविषयी किती बोलतो, कुठे घाईने पुढे सरकतो आणि कोणता शब्द वापरतो, याची प्रत्येकी चार ओळींची टिपणे काढली की चर्चेचे प्रश्न वेगळे बनवावे लागत नाहीत. इथे पौराणिक कथेचा एक अनपेक्षित फायदाही मिळतो. काय घडले ते सगळ्यांना आधीच ठाऊक असते, त्यामुळे बैठक ‘पुढे काय’ यात अडकत नाही आणि कोणी कसे सांगितले या मूळ मुद्द्याकडे लवकर वळते. खांडेकरांची अलंकारिक भाषा आजच्या तरुण वाचकाला जड जाते हे खरे आहे. आमच्याकडेही दोघांनी तशी कुरकुर केली. परंतु निवेदकांमधला झगडा तरुणांना भाषेपेक्षा अधिक जवळचा वाटला, आणि ययातीचा कबुलीजबाब खरा की सहानुभूती मिळवण्यासाठी रचलेला, यावर ते दोघेच सर्वांत जास्त भांडले.

‘कोबाल्ट ब्लू’मध्ये ही कसोटी आणखी कडक लागते, कारण तिथे एखादा प्रसंग नव्हे तर तेच महिने दोनदा सांगितले आहेत. एका मध्यमवर्गीय मराठी घरात वरच्या खोलीत पेइंग गेस्ट राहायला येतो, आणि भाऊ व बहीण दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. त्याला कादंबरीत नाव नाही. वाचक पहिल्या निवेदनावरून त्याचे जे चित्र मनात तयार करतो, त्याला दुसऱ्या निवेदनात धक्के बसतात. एकाला सांगितलेले दुसऱ्याला सांगितलेले नसते. पुस्तक लहान आहे, हा त्याचा आणखी एक गुण. त्याचा जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला, त्यामुळे परदेशात वाढलेल्या किंवा मराठी सावकाश वाचणाऱ्या सभासदालाही त्याच महिन्यात सोबत घेता येते. २०२२ मध्ये त्यावर चित्रपटही आला, पण तो बैठकीनंतर पाहावा. पडद्यावर कॅमेरा हाच तिसरा निवेदक होऊन बसतो आणि दोन सांगण्यांमधली फट बुजते.

न बोलणारा कोण

निवेदकांची यादी केली की लगेच दुसरी यादी करावी. घरातल्या कोणाला बोलू दिलेले नाही? निवड करताना ही यादी रिकामी निघाली, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला एकेक प्रकरण वाटून दिलेले असले, तर माझा उत्साह मावळतो. अशा पुस्तकात लेखकाने पंगतीला वाढल्यासारखे न्यायाने वाढलेले असते, आणि न्यायाने वाढलेल्या कादंबरीवर भांडण होत नाही.

‘मृत्युंजय’मध्ये कर्णाला जन्म देऊन सोडणाऱ्या कुंतीला स्वतःचे निवेदन आहे, पण त्याला उचलून वाढवणाऱ्या राधेला नाही. पाठच्या भावाला, शोणाला ते मिळाले, बायकोला मिळाले, मित्राला मिळाले, आणि कर्ण गेल्यावरही कथा उरतेच, म्हणून शेवटचे निवेदन श्रीकृष्णाकडे गेले. राधेचे सगळे मातृत्व आपल्याला इतरांच्या डोळ्यांनी पाहावे लागते. हे सावंतांनी जाणून केले की राधा त्यांना सरळ साधी वाटली म्हणून राहून गेले, हा प्रश्न आमच्या बैठकीत एका निवृत्त शिक्षिकेने काढला आणि उरलेला सगळा वेळ त्यावरच गेला. द्रौपदीलाही निवेदन नाही, पण तिच्याविषयी इतकी पुस्तके झाली आहेत की तिचे कुणाला फारसे वाईट वाटले नाही.

न बोलणे दुसऱ्या जातीचेही असते. बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या १९९८ सालच्या ‘द पॉयझनवुड बायबल’मध्ये नेथन प्राइस हा अमेरिकन धर्मप्रचारक १९५९ साली बायको आणि चार मुली यांना घेऊन बेल्जियन काँगोतल्या एका खेड्यात जातो. पाचही बायका-मुली बोलतात, तो एकटा बोलत नाही. राधा मुकी आहे, कारण तिला कोणी विचारले नाही. प्राइसला प्रकरणाची गरजच नाही, कारण त्याचा आवाज घरभर भरलेला आहे आणि त्या पाचजणींचे बोलणे त्याच आवाजाला दिलेले उत्तर आहे. इंग्रजी वाचणाऱ्या मंडळासाठी या पुस्तकाची मी बिनधास्त शिफारस करेन. पाच मुखांची बोलण्याची ढब त्यात इतकी वेगळी आहे की नाव झाकण्याच्या प्रयोगात ते सहज उत्तीर्ण होते. शब्दांची चुकीची रूपे वापरणारी थोरली बहीण आणि उलटसुलट वाचली तरी तीच राहणारी वाक्ये रचणारी एक जुळी अशा बहिणी असल्यामुळे अनुवादापेक्षा मूळ वाचणे बरे.

पाने, प्रती आणि टंक

कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग थोडक्यात उरकतो. ‘मृत्युंजय’ सातशेहून अधिक पानांची आहे. आठ आठवड्यांत वाचायची तर आठवड्याला जवळपास नव्वद पाने होतात, आणि परीक्षा, लग्नसराई किंवा दिवाळी मध्ये असेल तर ती होत नाहीत. ‘ययाति’ तेवढ्याच वेळात निवांत होते. ‘कोबाल्ट ब्लू’ तीन आठवड्यांत होते आणि दोनदाही वाचता येते, जे या जातीच्या पुस्तकाबाबत फार फायद्याचे आहे. ठाण्याचे १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा मुंबईचे १८९८ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्यासारख्या जुन्या संस्थांत जुन्या कादंबऱ्या मिळतात, पण एका वेळी नऊ प्रती कुठलेही ग्रंथालय देणार नाही. म्हणून पुस्तक ठरवण्याआधी बाजारात त्याची चालू आवृत्ती आहे का, याची चौकशी करावी. आमच्यातल्या काही जणींची ग्रंथभिशी आहे. ज्या महिन्यात जिची भिशी लागते, ती मंडळाच्या दोन प्रती घेते, आणि पैशाचा प्रश्न तसा सुटतो.

निरनिराळ्या आवृत्त्या आणि ई-पुस्तक असे मिसळले की पानांचे आकडे जुळत नाहीत. त्यामुळे ‘पान दोनशेपर्यंत वाचा’ असे न सांगता ‘शर्मिष्ठेचे पहिले निवेदन संपेपर्यंत’ असे सांगावे. साठीपुढच्या सभासदांसाठी टंकाचा आकार पाहूनच प्रत घ्यावी. ध्वनिपुस्तक चालेल का, असे हल्ली हमखास विचारले जाते. निवेदकागणिक वाचणारा बदलत असेल तर चालेल, पण एकाच आवाजात सगळे वाचलेले असेल, तर ऐकणाऱ्याचा निम्मा ऐवज बुडतो.

पुस्तक ठरवण्याची बैठक

आम्ही तीन नावे पुढे ठेवतो, त्याहून अधिक नाही. सुचवणाऱ्याने कथानक सांगायचे नाही, स्तुतीही करायची नाही. त्याने दोन निवेदकांचे प्रत्येकी एक पान मोठ्याने वाचायचे, न बोलणाऱ्या एका माणसाचे नाव सांगायचे आणि खाली बसायचे. तिन्ही पुस्तकांना मिळून अर्धा तास लागतो. त्यानंतर चिठ्ठ्या टाकून मत घेतो. हात वर करून घेतले, तर ज्येष्ठांच्या हाताकडे पाहून इतरांचे हात वर जातात.

मतदानाआधी पुस्तकात काय दुखरे आहे ते स्पष्ट सांगावे. कौटुंबिक कादंबरी वाचकाच्या स्वतःच्या घरापर्यंत पोहोचते. वाटणीनंतर भावाशी बोलणे बंद असलेला, मूल गमावलेली, घरातल्या छळातून बाहेर पडलेली अशी माणसे आपल्याच मंडळात असतात आणि ती सगळे सांगतातच असे नाही. आत्महत्या, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार पुस्तकात असेल, तर तेवढे आधी कळल्याने कोणाची मजा जात नाही. ‘कोबाल्ट ब्लू’ सुचवताना दोन पुरुषांमधले प्रेम त्यात आहे आणि ते आडपडद्याने लिहिलेले नाही, हे मी सांगितले. सत्तरीतल्या सभासदांना ते रुचणार नाही अशी कुजबूज झाली होती, पण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. विचारल्यावर त्यांनी त्याच पुस्तकाला मत दिले. ‘त्यांना चालणार नाही’ या कारणावरून कोणतेही पुस्तक परस्पर बाद करू नये, एवढे मी त्यावरून धडा घेतल्यासारखे पाळतो.

पुस्तक ठरल्यावर वाटणी कशी करावी, यात आम्ही एकदा चांगलीच ठेच खाल्ली आहे. ‘मृत्युंजय’ची जाडी पाहून घाबरलो आणि निवेदक वाटून घेतले. कोणी फक्त कुंती वाचली, कोणी फक्त दुर्योधन. महाभारत सगळ्यांना ठाऊक असल्याने कोणाचे काही अडले नाही, आणि तेच घातक ठरले. बैठकीत सहा गोषवारे झाले. ‘तुमची कुंती इथे काहीतरी लपवते आहे’, असे म्हणण्याइतके दुसऱ्याचे निवेदन कोणीच वाचलेले नव्हते. तेव्हापासून वाचन सगळ्यांनी सगळे करायचे आणि वकीलपत्र मात्र एकेकाचे घ्यायचे, असे ठरवले आहे. आवडता निवेदक मागून मिळत नाही, चिठ्ठीने मिळतो. पहिला तासभर आपल्या अशिलाची बाजू त्याच्याच निवेदनातल्या वाक्यांच्या आधारे लढवायची. चहानंतर वकीलपत्र सोडायचे आणि स्वतःचे मत सांगायचे. देवयानीचे वकीलपत्र आलेल्या एका सभासदाला ती मुळीच आवडत नव्हती, पण त्यांनी तिच्या एकाकीपणावर इतके बोट ठेवले की चहानंतर वकीलपत्र सोडायला तेच तयार होईनात.

‘कोबाल्ट ब्लू’च्या वेळी तनय आणि अनुजा यांना वकील मिळाले आणि बाकीचे उरले. आयत्या वेळी त्यांतल्या तिघांना घरातल्या न बोलणाऱ्यांचे वकीलपत्र दिले. त्यांपैकी एका आजींकडे आई आली. त्यांनी दहा मिनिटे मागितली, पाठकोऱ्या कागदावर काहीतरी लिहिले आणि आईच्या तोंडून वाचून दाखवले. दोन्ही मुलांचे सगळे जग ज्याच्याभोवती फिरले, ज्याला एकाने ‘तू’ आणि दुसरीने ‘तो’ म्हटले, त्या माणसाचा उल्लेख त्या पानभर मजकुरात एकदाच होता, आणि तो ‘वरच्या खोलीतला भाडेकरू’ असा होता.